घडी नसलेली प्रथिने आणि पिशवीच्या तोंडाचा कर्करोग

चांगले ताजे दूध चुलीवर कितीही उकळले तरी ते फाटत नाही. अंडे मात्र उकळत्या पाण्यात दहा मिनिटे राहिले की आतला पातळ पांढरा भाग घट्ट होऊन बसतो, आणि मग थंड पाण्यात टाकले तरी तो पुन्हा पातळ होत नाही. प्रथिने दोन्हींत आहेत, आचही दोन्हींना लागतेच. मग हा फरक कशामुळे? रोज डोळ्यांपुढे घडणारी गोष्ट असल्यामुळे हा प्रश्न सहसा आपल्याला पडत नाही. पण त्याचे उत्तर शोधत गेले तर ते स्वयंपाकघरातून थेट मराठवाड्यातील बायकांच्या एका जीवघेण्या आजारापर्यंत घेऊन जाते. म्हणून आज आधी थोडे प्रथिनांविषयी आणि मग त्या आजाराविषयी लिहावयाचे आहे. पहिला भाग वाचकांनी जरा सावकाश वाचावा, ही विनंती.

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, दूध, अंडी आठवतात. पण शरीरातले प्रथिन म्हणजे अमिनो आम्ले नावाच्या मण्यांची एक लांब माळ. मणी २० प्रकारचे असतात आणि ते कोणत्या क्रमाने ओवले आहेत यावर त्या माळेचा स्वभाव ठरतो. बहुतेक माळा तयार होताच स्वतःभोवती वळून, दुमडून एक ठरावीक आकार घेतात. याला आपण ‘घडी’ म्हणू. अंड्याच्या पांढऱ्या भागातील मुख्य प्रथिनाची घडी अशीच पक्की असते. उष्णतेने ती उलगडते, उलगडलेल्या माळा एकमेकींत गुंततात आणि तो गुंता पुन्हा सुटत नाही. दुधातील केसीनचे तसे नाही. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी जवळजवळ ८० टक्के केसीन असते आणि त्याला मुळात पक्की घडीच नसते. जी घडी घातलीच नाही ती मोडणार कशी? उलट सैल असल्यामुळेच ही माळ कॅल्शियम आणि फॉस्फेट यांना धरून ठेवू शकते. एरवी इतके कॅल्शियम खड्यासारखे तळाशी बसले असते. (लिंबू पिळल्यावर दूध फाटते ते वेगळ्या कारणाने. केसीनच्या कणांवर बाहेरून केसांसारखी सैल टोके असतात. त्यांच्यावरील विद्युतभारामुळे कण एकमेकांपासून दूर राहतात. आंबटपणाने तो भार नाहीसा होतो आणि कण एकत्र येऊन गोळा होतात.)

घडी नसलेले प्रथिनही उपयोगी असू शकते, ही गोष्ट शास्त्रज्ञांनी फार उशिरा मान्य केली. १८९४ साली जर्मनीतील एमिल फिशर यांनी कुलूप आणि किल्ली यांचा दाखला दिला होता. प्रथिनाचा आकार आणि ज्या पदार्थावर ते काम करते त्याचा आकार एकमेकांत नेमका बसला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. दाखला इतका चपखल की शंभर वर्षे तोच पाठ्यपुस्तकांत चालला. १९५८ साली जॉन केंड्र्यू यांनी स्नायूंतील मायोग्लोबिन या प्रथिनाचा आकार प्रथमच दाखवून दिला. त्यानंतर शेकडो प्रथिनांचे आकार निघाले आणि आकार नाही तर काम नाही, हे जणू ठरूनच गेले. ज्या प्रथिनाचा आकार सापडत नसे ते खराब झाले असावे, असे समजून बाजूला ठेवले जाई. १९९६ साली अमेरिकेत पी-२१ आणि पी-२७ या दोन प्रथिनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पेशीचे विभाजन थांबवणे हे त्यांचे काम. पी-२१ एकटे असताना त्याला काहीही आकार नव्हता. आपल्या जोडीदाराला चिकटले की मात्र ते आकार घेत होते. पी-२७ आपल्या जोडीदारावर कसे पसरून बसते, त्याचे चित्रही त्याच वर्षी मिळाले. १९९९ साली पीटर राइट आणि जेन डायसन यांनी अशा प्रथिनांविषयी एक मोठा लेख लिहून कुलूप-किल्लीचा नियम सर्वांना लागू नाही, असे स्पष्टच मांडले. आज असे समजले जाते की, माणसासारख्या प्राण्यांच्या सुमारे एकतृतीयांश प्रथिनांत कोठे ना कोठे लांबच लांब सैल भाग असतो.

टोपी आणि फेटा

अशी माळ दुसऱ्या प्रथिनाला चिकटते कशी? आपल्याकडे लग्नात टोपीही असते आणि फेटाही असतो. शिवलेल्या टोपीला आधीपासून आकार असतो. ज्या मापाची असेल त्या डोक्यालाच ती बसते. फेटा म्हणजे नुसते लांब कापड. पेटीत असतो तेव्हा त्याला फेट्याचा आकार नसतो. डोक्यावर गुंडाळत जावे तसा तो आकार घेतो. नवरदेवाच्या डोक्यावर त्याला एक रूप येते, मामाच्या डोक्यावर दुसरे, आणि सोडला की पुन्हा कापड. घडी नसलेले प्रथिन आपल्या जोडीदारावर असेच बसते. पी-५३ या प्रसिद्ध प्रथिनाच्या शेपटाचा एकच तुकडा एका जोडीदाराजवळ मळसूत्रासारखा वळतो, दुसऱ्याजवळ ताठ पट्टीसारखा बसतो आणि तिसऱ्याजवळ वेडावाकडा. शिवलेल्या टोपीला हे कधी जमणार नाही.

फेट्याचा दाखला मात्र एका जागी अपुरा पडतो. कापड सगळीकडे सारखे असते. माळ तशी नसते. लांब सैल माळेत मध्येच पाच-सहा मण्यांचा एखादा शब्द असतो आणि पकड घेण्याचे मुख्य काम तो शब्द करतो. जोडीदाराच्या अंगावर त्या शब्दापुरती एक खोबण असते. बाकीची माळ दोरासारखी. पण तो दोर निरुपयोगी नसतो. त्याच्यावर धन किंवा ऋण भार असेल तर जोडीदाराला तो दुरूनच ओढतो. सैल असल्याने तो लांबवर पोहोचतो. गोदावरीत गळ टाकून मासा जवळ ओढावा तसे. एकाच दोरावर दोन शब्द असतील तर एकाची पकड सुटली तरी दुसरा धरून ठेवतो आणि पहिल्याला पुन्हा बसायला वेळ मिळतो. बैल दोन दाव्यांनी बांधावा तसा हा प्रकार. दोन्ही पकडी एकेकट्या कच्च्या, पण मिळून फार पक्क्या होतात.

आधी आकार आणि मग पकड, की आधी पकड आणि मग आकार? यावर बरीच वर्षे वाद होता. २००७ साली राइट आणि डायसन यांच्याच प्रयोगशाळेने एका जोडीपुरते हे नीट पाहिले. सैल माळ आधी जोडीदाराला ढिली चिकटते आणि मग त्याच्या अंगावरच वळत वळत आकार घेते, असे त्यांना दिसले. त्या जोडीत आणखी एक गंमत आहे. माळेवरील एका ठरावीक मण्यावर फॉस्फेटचा शिक्का बसल्याशिवाय ती चांगली चिकटतच नाही. शिक्का मारणारी प्रथिने वेगळी, पुसणारी वेगळी. म्हणजे पेशीला हवे तेव्हा जोडी जमवता येते आणि हवे तेव्हा मोडता येते. सगळ्याच जोड्या मात्र याच रीतीने जुळतात असे नाही. काही माळांत थोडा आकार आधीपासूनच येत-जात असतो. २०१८ साली तर अशी दोन प्रथिने सापडली की जी एकमेकांना अत्यंत घट्ट धरतात आणि तरीही दोघेही शेवटपर्यंत सैलच राहतात. एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण. तेवढ्यावरच त्यांचे जमते.

एक शंका येईल की, इतकी सैल वस्तू पक्की धरणार कशी. सैल माळेला हजारो प्रकारे पसरण्याची मोकळीक असते. चिकटताना ती मोकळीक सोडावी लागते आणि त्याची किंमत पकडीच्या बळातून वजा होते. त्यामुळे पकड नेमकी असते, पण न सुटणारी नसते. पेशीला निरोप इकडून तिकडे न्यायचे असतात. तिला सुटणारी गाठ हवी, झाळ नको. रोजच्या कामासाठी ही सोय उत्तम आहे. पण जी गाठ मालकाला सहज सोडता येते ती चोरालाही सोडता येते, आणि येथूनच आजाराची गोष्ट सुरू होते.

पेशीचा ब्रेक

आपल्या पेशींत आरबी नावाचे एक प्रथिन आहे. डोळ्याच्या पडद्याच्या ज्या कर्करोगावरून ते सापडले त्याचे हे नाव. तो आजार लहान मुलांना होतो. (जाता जाता सांगतो. मुलाच्या डोळ्याच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसली, मग ती फोटोत दिसली तरी, तर नेत्रतज्ज्ञाकडे नेण्यास उशीर करू नये.) आरबी हा पेशीचा ब्रेक आहे. पेशीला विभाजनाचा हुकूम देणारे ई-२-एफ नावाचे प्रथिन तो धरून ठेवतो. गरज पडली की पेशी स्वतःच आरबीवर शिक्के मारते, पकड ढिली होते, ई-२-एफ सुटते आणि पेशीच्या दोन पेशी होतात. काम झाले की ब्रेक पुन्हा लागतो.

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही या विषाणूला हा ब्रेक नको असतो. त्याला स्वतःच्या प्रती काढायच्या असतात आणि त्याची साधने विभाजन करणाऱ्या पेशीतच मिळतात. या विषाणूचे शेकडो प्रकार आहेत. बहुतेक साधे, काहींमुळे हातापायावर चामखीळ येते. जर्मनीतील हेराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला १९८३ साली गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगात त्यातला १६ क्रमांकाचा प्रकार सापडला आणि पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा. या कामासाठी २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

क्रमांक १६ च्या विषाणूत ई-७ नावाचे प्रथिन आहे. अवघ्या ९८ मण्यांची माळ. आरबी तिच्या नऊपटींहून मोठे, ९२८ मण्यांचे. माळेच्या शेवटच्या भागाला घडी आहे, पण पुढचा भाग पूर्ण सैल. त्या सैल भागात पाच मण्यांचा एक शब्द आहे. पहिला मणी ल्युसीन, तिसरा सिस्टीन, पाचवा ग्लुटामिक आम्ल. मधले दोन कोणतेही चालतात. आरबीच्या अंगावर या शब्दाची नेमकी खोबण आहे. ती विषाणूसाठी केलेली नाही. पेशीची स्वतःची काही प्रथिने हाच शब्द घेऊन आरबीजवळ येतात. ई-७ ने नवे काही केले नाही, घरातल्याच माणसाची हाक उचलली. शब्द खोबणीत ताणून बसतो. शेजारच्या ऋण भाराच्या मण्यांमुळे पकड वाढते आणि दोन मण्यांवर पेशीच्याच हातून फॉस्फेटचे शिक्के बसले की आणखी वाढते. ई-२-एफ आरबीच्या दुसऱ्या जागी बसलेले असते. ई-७ एका जागी घट्ट धरून आपल्या बाकीच्या भागांनी त्याला तेथून हुसकते, आणि वर आरबीलाच पेशीच्या कचरापेटीकडे पाठवून देते. ब्रेक नुसता सुटत नाही, काढूनच टाकला जातो.

एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या तीन विषाणूंनी हाच शब्द मिळवला आहे. एचपीव्हीने, सर्दी-खोकला देणाऱ्या अ‍ॅडिनोव्हायरसने आणि माकडांतील एका विषाणूने. घडी असलेल्या प्रथिनात नवी खोबण तयार व्हायला फार बदल लागतात. सैल माळेत दोन-चार मणी बदलले की नवा शब्द तयार. विषाणूंना सैल प्रथिने इतकी का मानवतात, याचे कारण मला यातच दिसते. चामखिळीसारख्या साध्या प्रकारांच्या विषाणूंतही ई-७ असते, पण शब्दाच्या शेजारचा एखादा मणी वेगळा असल्याने त्याची आरबीवरील पकड बरीच कमी भरते.

विषाणूचे दुसरे हत्यार ई-६. पेशीत बिघाड झाला तर तिला थांबवणारे किंवा मारून टाकणारे पी-५३ हे प्रथिन असते. ई-६ पेशीतल्याच एका मदतनीस प्रथिनाचा लहानसा सैल शब्द पकडते आणि त्याच्या साह्याने पी-५३ ला नष्ट करवते. ब्रेकही गेला आणि पहारेकरीही गेला.

तरीही एचपीव्ही झाला म्हणजे कर्करोग झाला, असे मुळीच नाही. हा विषाणू अतिशय सामान्य आहे. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो गाठतो आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्या बायकांत तो वर्षानुवर्षे मुक्काम करतो. त्यांच्यापैकी काहींच्या पेशींत विषाणूचा तुकडा पेशीच्या स्वतःच्या गुणसूत्रात शिरतो आणि ई-६, ई-७ यांना आवर घालणारा भाग तुटून जातो. मग ही दोन प्रथिने भरमसाट तयार होऊ लागतात. तेथून कर्करोगापर्यंत सहसा दहा, पंधरा, वीस वर्षे जातात. यात बाईच्या चारित्र्याचा प्रश्न आणू नये. संसर्ग नवऱ्याकडूनही येतो, अनेक वर्षांपूर्वीचाही असू शकतो आणि कोणाकडून आला हे कोणतीही तपासणी सांगत नाही.

ई-७ वर औषध का नाही, असे कोणीही विचारील. औषधाच्या कणाला बसायला खोबण लागते आणि सैल माळेवर खोबणच नसते. पाण्याच्या धारेला खुंटी ठोकावी तसे ते काम. आरबीची खोबण बुजवावी तर पेशीची स्वतःची प्रथिनेही अडतात. प्रयत्न चालू आहेत, पण दुकानात मिळणारे औषध त्यातून अजून निघालेले नाही. ते निघाले तर उपयोग मोठा होईल, हे मात्र प्रयोगांनी दाखवले आहे. १९५१ साली अमेरिकेतील हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्यांत १८ क्रमांकाचा विषाणू आहे. इतक्या वर्षांनंतरही त्या पेशींतील ई-६ आणि ई-७ बंद पाडले की त्यांची वाढ थांबते.

बार्शी आणि धाराशिव

औषध नसताना काय करता येते, याचे जगाने मान्य केलेले उत्तर आपल्या शेजारच्या मातीतून निघाले आहे. त्याची माहिती आपल्याच भागात फार थोड्यांना आहे, याचे वाईट वाटते. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत कर्करोगाच्या नोंदी ठेवण्यास प्रारंभ झाला. खेड्यापाड्यांची अशी नोंदणी देशात ती पहिली. नोंद करणारी माणसे गावोगाव जाऊन बायकांशी बोलत, कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये ते सांगत. केवळ एवढ्या बोलण्याने बायका आधीच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या, असे तेथील डॉक्टरांना काही वर्षांत आढळले.

पुढे १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक फार मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधील कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. डॉ. शंकरनारायणन, डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. सुरेंद्र शास्त्री ही त्यातली प्रमुख नावे. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका घेतल्या. गावांचे ५२ गट पाडले. काही गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केली, काहींत पॅप तपासणी, काहींत गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहिले, आणि काही गटांत नेहमीप्रमाणेच ठेवले. सुमारे आठ वर्षांनी मोजणी झाली. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या होत्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. २००९ साली अमेरिकेतील एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून तपासणीच्या धोरणाची चर्चा जगात कोठेही झाली तरी या जिल्ह्याचे नाव निघते. तुलनेच्या गटातील बायकांना तपासणी न देणे योग्य होते काय, यावर पुढे बरीच टीका झाली. ती टीका खोटी म्हणता येणार नाही.

डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीचा मृत्यू कमी होण्याच्या दृष्टीने धाराशिवला ठळक फायदा दिसला नव्हता. पण मुंबईतील वस्त्यांत टाटा रुग्णालयाने शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी हीच तपासणी केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे एकदाच करून विसरून जाण्याची ती तपासणी नव्हे.

लस हा दुसरा उपाय. येथेही घडीचाच संबंध आहे, पण उलट बाजूने. ई-७ पेशीच्या आत असते; रक्तातील प्रतिपिंडे तेथे पोहोचत नाहीत. विषाणूच्या बाहेरच्या कवचाचे प्रथिन मात्र पक्क्या घडीचे आहे. ते प्रयोगशाळेत तयार केले की त्याचे आपोआप पोकळ चेंडूसारखे कण बनतात. त्यांत विषाणूचे आनुवंशिक द्रव्य नसते, म्हणून लसीमुळे हा आजार होऊ शकत नाही. शरीर त्या कवचाचा आकार ओळखून ठेवते आणि खरा विषाणू आला तर पेशीत शिरण्यापूर्वीच त्याला अडवते. लस संसर्गाआधीच का द्यावी हेही यावरून कळेल. विषाणू आत गेल्यावर तिचा उपयोग नाही. आधीचा संसर्ग ती बरा करीत नाही. ९ ते १४ हे वय त्यासाठी सर्वांत चांगले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२२ साली लहान मुलींसाठी एक मात्राही पुरेशी ठरते असे मान्य केले. या निर्णयामागे जो पुरावा होता त्यात भारतातील मुलींच्या एका अभ्यासाचा मोठा वाटा आहे, आणि बार्शी व पुणे ही त्याची केंद्रे होती. लस घेतली तरी वयाच्या तिशीनंतरची तपासणी चुकवू नये, कारण लसीत सर्व धोकादायक प्रकार नसतात.

उमरीसारख्या गावात

आपल्या देशात या कर्करोगाचे दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण होतात आणि त्यातील निम्म्याहून अधिक दगावतात. कारण एकच, उशीर. आपल्या भागात उशिराबरोबर घाईही दिसते. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, कोणीतरी कर्करोगाची भीती घालते आणि पस्तिशीच्या आत पिशवी काढली जाते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका वाढला की २०१९ साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरे जाणे बहुतेक वेळा साध्या संसर्गामुळे असते आणि गोळ्यांनी बरे होते. आतून तपासणी न करता, नुसत्या सोनोग्राफीवर पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या तोंडाचा सुरुवातीचा बिघाड दिसत नाही.

काळजी करण्याची लक्षणे ही. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा लाल दिसणे, घाण वासाचे पाणी जाणे. यांपैकी काही असेल तर तपासणीच्या शिबिराची वाट पाहत बसू नये. पाळी गेल्यानंतरचे रक्त ‘परत पाळी आली’ म्हणून घरात हसण्यावारी नेले जाते, ते फार धोक्याचे आहे.

काही त्रास नसतानाही तिशीनंतर तपासणी करून घ्यावी. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरील स्त्रियांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे तोंड यांची तपासणी आहे. प्रथम गावच्या आशाताईंना किंवा उपकेंद्रातील परिचारिकेला विचारावे. सौम्य आम्ल लावून पाहण्यास पाचेक मिनिटे लागतात, भूल लागत नाही, थोडी जळजळ होते एवढेच. एचपीव्हीची तपासणी करता आली तर ती अधिक चांगली; निर्दोष आली तर पुढची पाच ते दहा वर्षांनी केली तरी चालते. दोष आढळला तर पुढील तपासणी व उपचार नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होऊ शकतात. कर्करोगाच्या आधीची अवस्था असेल तर तेवढाच भाग गोठवून, उष्णतेने जाळून किंवा तारेने काढून टाकतात. बाई बहुधा त्याच दिवशी घरी येते आणि पिशवी जागेवर राहते. तुकडा तपासणीस पाठवल्यावर अहवालात ‘पी-१६’ असा शब्द आला तर घाबरून जाऊ नये व दुर्लक्षही करू नये. ई-७ ने आरबी नष्ट केले की पेशीत पी-१६ हे प्रथिन वाढते. म्हणून विषाणू आत कामाला लागला आहे काय, ते त्यावरून पाहतात.

पिशवी काढलेल्या बायकांनाही तपासणी लागते काय, असे पुष्कळदा विचारले जाते. काही शस्त्रक्रियांत वरची पिशवी काढतात आणि तोंड तसेच ठेवतात. तसे असेल तर इतर बायकांप्रमाणेच तपासणी करावी लागते. तोंडही काढले असेल आणि त्यात पूर्वी काही दोष नव्हता, तर या तपासणीची सहसा गरज नसते. कोणती शस्त्रक्रिया झाली हे दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असते; ते सापडत नसेल तर एकदा आतून तपासणी करून घेतल्यास डॉक्टरांना लगेच कळते.